गिअरमधलं तेल

त्या माणसाला मी एकदाच भेटलो, नावही विचारलं नाही. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या दारात जाऊन गाड्यांची कामं करायचा. आमच्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरचं तेल बदलायला तो पेणला आला होता.

काढलेलं तेल त्याने पाण्याच्या बाटल्यांत भरून ओळीने लावलं. "जेवढं काढलं तेवढंच घालायचं." मग एक थेंब दोन बोटांत चोळून त्याने वास घेतला.

"ह्यात इंजिनाचं तेल मिसळलंय. कोणी ओतलं?"

"बायको गाडी शिकत होती. तिनेच गिअर घालवला," मी म्हणालो. गाडी धक्के द्यायला लागल्यापासून मी हेच सांगत होतो. तिने गाडीला हात लावणं सोडलं ते त्यामुळेच. आताही ती दारात उभी होती.

तो हसला. "साहेब, चालवून तेल जळतं. त्याचं दुसरं तेल होत नाय."

हे तो इतक्या खात्रीने बोलला की पुढचं खोटं मला सुचेना. "मीच ओतलं. इंजिनाच्या ऐवजी गिअरच्या नळीत. मला तेव्हाच कळलं होतं."

नवं लाल तेल भरून त्याने इंजिन चालू केलं आणि खाली उतरला.

"वैनी, तुम्ही बसा. ब्रेक दाबून गिअर एकेक फिरवा."

ती बसली. गाडीने धक्का दिला नाही.

"झ्याक! आता जिते गावापर्यंत जाऊन या."

मी शेजारच्या सीटचं दार उघडायला गेलो. तिने ते आतून लॉक केलं आणि गाडी रस्त्यावर काढली.