जोडीकाकूंची अमेरिका

ओमानमधल्या सोहारच्या जोडीकाकूंकडून कुणालाही एक पुस्तक मिळत नसे. न्यायची तर दोन, नाहीतर काहीच नाही. दोन्ही एकाच विषयावरची, पण एकमेकांशी अजिबात न पटणारी. मुलाने त्यातलं एकच परत आणलं, तर त्या त्याला दारातूनच परत पाठवत, "एका पायात चप्पल घालून आलास का रे?"

त्यांच्या हॉलमधलं कपाट हेच तिथल्या आम्हा मराठी कुटुंबांतल्या मुलांचं वाचनालय. ओमान सोडणारी कुटुंबं फ्रीज विकत, सोफा विकायचा प्रयत्न करत आणि पुस्तकं काकूंच्या दारात ठेवून विमानतळ गाठत.

माझी सई घरी तोंड मिटत नसे आणि वर्गात उघडत नसे. बायकोला अमेरिकेत नोकरी लागली. मायलेकी आधी जाणार, मी मागून. तिथल्या शाळेत त्या देशाचा सुरुवातीचा इतिहास शिकवतात हे कळल्यावर सईने झोपच सोडली. "बाबा, सगळ्यांना आधीच माहीत असणार. आय विल बी द डंब वन."

मी तत्परतेने एक जाडजूड, गुळगुळीत पुस्तक मागवलं आणि शाबासकी घ्यायला काकूंकडे गेलो. काकूंनी फक्त चित्रं पाहिली. परके लोक जहाजातून उतरतायत आणि तिथले मूळ रहिवासी मक्याची कणसं घेऊन हसतायत.

"घर चाललंय ह्यांचं, आणि हसतायत कसले? हे इतिहासाचं पुस्तक नाही, टूथपेस्टची जाहिरात आहे."

पुढच्या पानावर तंबाखूचं हिरवंगार शेत होतं. राबणारा कुणीच नव्हता. "हे तुमच्या कारखान्याच्या कॅलेंडरसारखं झालं," काकू म्हणाल्या. "धुरांडी आहेत, माणूस नाही."

मग त्यांनी स्वतः शोध घेतला. मस्कतच्या ओळखीपाळखी पालथ्या घालून सईसाठी जोडी जमवली. एक जहाजावरच्या लोकांच्या बाजूने सांगितलेलं, दुसरं किनाऱ्यावरच्यांच्या. परीक्षा संपली की द्यायचं ठरलं. तेवढ्यात पुण्याला भाचीचं लग्न निघालं आणि काकू कपाटाची किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. माणूस ओळखण्यात त्यांची झालेली ही एकमेव चूक.

कपाटात बोट घालायला जागा नव्हती. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. एका विषयावर दोन-दोन पुस्तकं कशाला? मी प्रत्येक जोडीतलं पातळ पुस्तक बाजूला काढलं, आणि एक ओळखीचं कुटुंब खरीफच्या, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याच्या, गारव्यात सुट्टी घालवायला दूर दक्षिणेला सलालाहला निघालं होतं, त्यांच्या गाडीत तिथल्या मराठी मुलांसाठी खोका भरून दिला. वर दातृत्वाचा फोटोही ग्रुपवर टाकला.

काकू परतल्या. मी सांगितलं, "काकू, डबल होती म्हणून काढली."

"अरे इंजिनिअर, मग तुझाही एक कान द्यायचा होतास त्यांना."

खोक्यातली पुस्तकं सलालाहभर वाटली गेली होती. सईच्या जोडीतलं पातळ, किनाऱ्यावरच्यांचं पुस्तकही त्यातच गेलं होतं; ते विमानाच्या आधी मिळणं खलास. काकूंनी शिक्षा फर्मावली, "आता किनारा तू व्हायचं."

मी चार दिवस मिळेल ते वाचलं आणि त्यांच्या सोफ्यावर मूळ रहिवासी होऊन बसलो. काकू हातात लाटणं घेऊन बाल्कनीतून दाखल झाल्या. वारा छान आहे म्हणाल्या. माझ्या हातातला चहा घेतला. मग उशी घेतली. मग म्हणाल्या, "यल्ला, चल, सरक." मी सरकत सरकत सोफ्याच्या टोकाला, मग जमिनीवर. सई आधी खदखदून हसली. मग हसायची थांबली.

"बाबा, से समथिंग ना."

"काय बोलू? त्यांच्याकडे बंदूक आहे."

"त्याला नाही बोलता येत," काकू लाटणं रोखून म्हणाल्या. "तू बोल त्याच्या वतीने."

आणि सई बोलली. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, डोळ्यांत पाणी. काकूंना तिने असं झापलं, की काकू मुकाट्याने उठून चहा परत करायला आल्या. तो मात्र त्यांनी संपवला होता.

मायलेकी गेल्या. काका निवृत्त झाले तसा काकूंनीही ओमानचा संसार आवरला. मिक्सर, भांडी वाटून टाकली आणि पुस्तकं चिपळूणला नेली. सामान बांधायला मी गेलो होतो. मला फक्त सुतळी धरायला दिली.

दोन महिन्यांनी अमेरिकेहून सईच्या वर्गशिक्षिकेची ईमेल आली. तुमची मुलगी हुशार आहे, पण धडा पुढे जाऊ देत नाही. रोज हात वर करते आणि किनाऱ्यावरच्या लोकांचं म्हणणं कुठे आहे असं विचारते.

मी चिपळूणला फोन लावून काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "बाई काय म्हणाल्या तिला?"

"आमच्याकडे तसं पुस्तक नाही, म्हणाल्या."

"बरं," काकू म्हणाल्या. "बाईंचा पत्ता पाठव."