गोगाजीच्या नऊ गाठी

भंवरलालने हात पाठीमागे घेतला तेव्हा कात्री माझ्या हातात होती. तो कन्व्हेयरवरचा ऑपरेटर, मी सेफ्टी ऑफिसर. सत्तरच्या दशकाची अखेर, बहारीनमधला सित्र्याचा काँक्रीट प्लांट.

कन्व्हेयर म्हणजे वाळू-खडी वर नेणारा रबरी पट्टा. पट्टा रोलरला जिथे भिडतो त्या फटीला आम्ही निप पॉइंट म्हणतो. अंगठी, बाही, दोरा, काहीही त्यात सापडलं की मागोमाग हात जातो. म्हणून नियम साधा: हातात काही नको. आणि भंवरलालच्या मनगटात नऊ गाठींचा जाडजूड धागा!

आमचा स्कॉटिश मॅनेजर तापट. म्हणाला, दुपारपर्यंत धागा कापा, नाहीतर याचा व्हिसा कॅन्सल करून विमानात बसवा. खलास. माणूस चुकीचं बोलत नव्हता हो, पंचाईत तीच होती.

भंवरलाल राजस्थानातल्या चुरूचा, शेतकऱ्याचा मुलगा. म्हणाला, "साब, माँ ने बाँधा है. नौकरी जाए तो जाए." अख्खं घर त्याच्या एकट्याच्या जिवावर चाललेलं. मी डोक्याला हात लावला. मी पडलो कुडाळचा, देवाचा धागा कापायला मला तरी कुठून धीर येणार?

शेवटी वेल्डर उस्मानला बोलावलं. तोही चुरूचाच. वाटलं, मुसलमान आहे, याला चार व्यवहाराच्या गोष्टी सुनावेल. तर तो त्या धाग्याला हात लावून आधी स्वतःच्या कपाळाला लावून मोकळा! म्हणे, हा तर आमच्या जाहरपीराचा.

मग दोघांनी मिळून मला गोष्ट सांगितली. धागा गोगाजीचा. गोगाजी चौहान, हजारेक वर्षांपूर्वीचा राजा. निळ्या घोड्यावर बसायचा, गाई सोडवायला लढायचा, लढाईतच गेला म्हणतात. भंवरलालचा तो सापापासून राखणारा वीर, उस्मानचा तोच जाहरपीर. भादव्यात त्याच्या समाधीला दोघांची घरं एकाच गर्दीत उभी. तो कुणाचा, हा वाद तिथे कुणी घालत नाही.

गोष्ट छान होती, पण दुपार होत आली होती. तेवढ्यात उस्मानने भंवरलालला विचारलं, "पहिल्या नांगरटीला हा धागा कुणाला बांधतात रे?"

"नांगरणाऱ्याला. आणि नांगराला."

"मग इथे तुझा नांगर कुठला?"

भंवरलालने पट्ट्याकडे बघितलं. मग त्याने हात पुढे केला. उस्मानने मनगटाला साबण चोळला आणि एकही गाठ न सोडता धागा अलगद सरकवून काढला. रोलरपासून लांबचा, फ्रेमचा एक बोल्ट मी दाखवला. भंवरलालने त्यावर धागा अडकवला, वर नट आवळला आणि पाया पडला. मीही पडलो, लपवू कशाला?

मॅनेजर आला. रिकामं मनगट बघितलं, मग बोल्ट बघितला. मी म्हटलं, "सर, नियम हाताचा होता." तो हुं म्हणून निघून गेला.

भंवरलाल पुढे कितीतरी वर्षं त्याच पट्ट्यावर होता. एका माणसाची भाकरी माझ्या सहीने जायची टळली. त्या उस्मानचे आणि त्या निळ्या घोडेवाल्याचे उपकार मी आजही मानतो.

फ्रेम बदलायची वेळ आली तेव्हा जुनं लोखंड भंगारात निघालं. मॅनेजर स्वतः उन्हात येऊन उभा राहिला. म्हणाला, आधी तो बोल्ट नव्या फ्रेमला लावा, मग मशीन चालू करा.

सेफ्टीच्या पुस्तकात हे नाही, पण मी नव्या पोरांना सांगायचो: माणसाला 'काढ' म्हणण्याआधी, काढून ठेवायचं कुठे ते आपल्याला सांगता आलं पाहिजे.