वरून काही ओतायचं नाही

दुकानात गेल्यावर ते आधी किंमत विचारत नसत. वस्तू उचलत, उलटी करत, तिच्या बुडाखाली तळहात धरत आणि मग विचारत, "हवा कुठून येते?" स्टोव्ह असो, गॅसची शेगडी असो, एकदा तर आमच्या हिच्या मिक्सरबद्दलही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला बरोबर घेतल्याशिवाय खरेदी होत नाही आणि बरोबर घेतलं की ती संपत नाही. छाणीच्या आमच्या सोसायटीत ते काका होते, समोरच्याच घरात राहणारे. बाजव्याकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर त्यांचा जन्म गेला. डावी भुवई तिथेच कधीतरी जळाली, ती परत आलीच नाही. त्यामुळे ते नुसतं 'बसा' म्हणाले तरी चेहऱ्याची एक बाजू चकित झालेली दिसायची.

मी नंदेसरीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत. एम.एस्सी. केमिस्ट्री. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लाज वाटायला उपयोगी पडेल.

आमच्या नीलमचं लग्नानंतरचं पहिलं उत्तरायण, म्हणजे इकडची संक्रांत, होतं; सासर गुजराती. पतंगांसाठी जावई, व्याही, विहीणबाई सगळे आमच्या गच्चीवर येणार होते. "बाबा, बार्बेक्यू करू या ने," नीलमने फोनवर सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मम्मीजींना वाटतं, आपल्याकडे फक्त पुरणपोळीच करतात." लेकीच्या सासरी आपली शोभा होऊ नये, याची मला भारी धास्ती. पण लग्नाने खिसा पार हलका केला होता. म्हणून काकांना गाठलं.

"शेगडीच ना?"

"बार्बेक्यू, काका."

"कोळसा खाते ना? मग शेगडी."

अलकापुरीतल्या एका शोरूममध्ये झाकणाची, चाकांची, लालभडक एक उभी होती. मी बघताक्षणी भाळलो. काकांनी तिला टिचकी मारली. पत्रा पापडासारखा वाजला, आणि खाली हवेला वाटच नव्हती. शेजारच्या फळीवर पेटवायचं सामान मांडलेलं: बाटलीतलं द्रव, वड्या, विजेची कांडी आणि कोळसे पेटवायचं पत्र्याचं एक नळकांडं. त्या नळकांड्यापाशी काका रेंगाळले. उलटंसुलटं करून तळाची भोकं बघत बसले.

"काका, लेवानुं छे के खाली जोवानुं छे?" घ्यायचंय की नुसतंच बघायचंय, म्हणून विक्रेता वैतागला.

"जोया वगर केम लेवाय, भाई?" म्हणत काकांनी ते जागेवर ठेवलं आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं.

शेवटी मांडवीजवळच्या लोखंडी सामानाच्या दुकानात एक चौकोनी, काळी, दिसायला अगदीच बेताची शेगडी मिळाली. पण जाड पत्रा, भक्कम पाय, खाली राखेचा कप्पा आणि हवा कमीजास्त करायला सरकती पट्टी. वर फक्त लांब चिमटा आणि कातडी हातमोजे घ्यायला लावले. नळकांडं त्यांनी घरीच केलं, तेलाच्या रिकाम्या डब्याचं. तळाला भोकं पाडली, आत जाळी बसवली, बाजूला लाकडी मूठ लावली.

"खाली कागद आणि चार वड्या कापूर. वर कोळसे. काडी लावायची आणि हात मागे बांधून उभं राहायचं."

"किती वेळ?"

"वरच्या कोळशांना पांढरी कड येईपर्यंत. आणि वरून काही ओतायचं नाही. तेल नाही, तूप नाही, अक्कलसुद्धा नाही."

मी मान डोलावली. कोळशाचं पोतं मात्र आदल्या दिवशी गच्चीवरच विसरलो आणि ते दवाने ओलं झालं.

उत्तरायणाच्या सकाळी डबा नुसता धुमसत बसला. व्याही डोळे चोळू लागले. ताटात मक्याची कणसं, रताळी, पनीर तसंच कच्चं. "कंई वांधो नहीं, अमे तो ऊंधियुं खाशुं," विहीणबाई समजूतदारपणे म्हणाल्या; हरकत नाही, आम्ही आपली संक्रांतीची मिसळभाजी खाऊ. नीलमचा चेहरा एवढासा झाला. मला ते बघवेना. मी खाली गेलो आणि कपाटातून बाटली आणली. प्रयोगशाळेतली, नमुन्याची, रुंद तोंडाची काचेची बाटली. आत थिनर. आमच्या लाइनीतल्या माणसांच्या घरी डाग काढायला अशी एखादी असतेच. तिच्यावरचं आगीचं चित्र मीच चिकटवलेलं होतं.

नीलम डब्यावर वाकून फुंकर घालत होती. मी झाकण उघडलं.

माझ्या मनगटावर हात पडला. काका होते. दुसऱ्या हातात काकूंनी पाठवलेली तिळाच्या लाडवांची वाटी.

"शांती राख," ते हळूच म्हणाले. बाटली घेतली, झाकण घट्ट लावलं, जिन्यात नेऊन ठेवली. परत येऊन माझा तळहात त्या काळ्याठिक्कर कोळशांवर धरला. चांगलीच धग लागली.

"आत आग आहे. दिसत नाही, एवढंच." मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या हाताखालच्या एकाने असंच वरून ओतलं होतं. मी दोन पावलं लांब होतो. म्हणून माझी भुवईच गेली."

मी कठड्याला टेकलो. दहा मिनिटांत कोळशांना पांढरी कड आली. कणसं तडतडली, विहीणबाईंनी दुसरं रताळं मागून घेतलं. नीलम नाकाला राख लागलेली घेऊन हसत होती, आणि ते धड, राखेचं नाक बघून मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. धुरावर खपून गेलं.

राख गार होईपर्यंत काका गच्चीवरून हलले नाहीत. जाताना बाटली घेऊन गेले. ती मी कधी परत मागितली नाही.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. झोपेतच, काही त्रास न होता. काकू वलसाडला मुलीकडे राहायला निघाल्या तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि हातात तीच बाटली ठेवली. लख्ख धुतलेली, आत काठोकाठ कापराच्या वड्या. मी चिकटवलेल्या आगीच्या चित्रावर काकांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'बी-७. शेगडीसाठी.' बी-७ म्हणजे आमचं घर.

"दर उत्तरायणाला ही घेऊन खिडकीत बसायचे," काकू म्हणाल्या. "तुमची शेगडी नीट पेटली की म्हणायचे, चला, यंदा गरज नाही. की परत कपाटात."

या उत्तरायणाला मी त्यातल्या चार वड्या काढल्या. कोळसे बराच वेळ काळेच दिसत राहिले. "आबा, विझलं," म्हणत नीलमची मुलगी डब्याजवळ आली. मी तिचं मनगट धरून तिला दोन पावलं मागे घेतलं, हात मागे बांधले आणि समोरच्या बंद खिडकीकडे बघत उभा राहिलो.