रामटेके काका आणि माझा एकोणीस डिग्रीचा फ्रिज

रामटेके काका आज सकाळी गेले. या माणसाशी मी आयुष्यातलं सगळ्यात घाण खोटं बोलले होते.

एक्साइजवाले कोणी फ्रेंडलिस्टमध्ये असाल तर प्लीज पुढे स्क्रोल करा.

काका म्हणजे गोंदियात आमच्या गल्लीच्या तोंडाशी फ्रिज-कूलर रिपेअरिंगचं दुकान होतं ना, ते. मूळचे अर्जुनी मोरगावचे.

२०१३. मी पुण्याहून बायोटेक करून घरी आले होते. जॉब नव्हता आणि डोक्यात एकच भूत होतं: घरी बिअर बनवायची.

यूट्यूबवर सगळं इझी होतं. तिकडच्या लोकांकडे थंडगार बेसमेंट असतं. आपल्याकडे मे महिना असतो.

यीस्टला पाहिजे एकोणीस डिग्री. आमच्या किचनमध्ये बेचाळीस.

म्हणून एक जुना छोटा फ्रिज घेतला, टेम्परेचर कंट्रोलर ऑनलाइन मागवला, आणि सेन्सरची वायर आत न्यायला भोक पाडायचं म्हणून काकांकडे ड्रिल मागायला गेले.

ड्रिल दिलं नाही. स्वतःच आले.

"कुठी पाडून राहिली भोक?"

मी साइडला बोट ठेवलं.

"तिथूनच गॅसचा पाइप जाते. मारून टाकते का त्याले?"

मग अर्धा तास फ्रिज चालू ठेवला आणि साइडवरून तळहात फिरवत राहिले, लेकराचा ताप बघतात तसा. गरम लागलं की आत पाइप आहे. माझाही हात धरून फिरवला. गार जागा सापडली, तिथे खडूनं फुली मारली. मग भोक.

हे एकाही व्हिडिओत नव्हतं.

काम करता करता त्यांनी विचारलं, ह्यात ठेवणार काय? मी म्हटलं, यीस्ट. कल्चर असतं. प्रोजेक्ट आहे.

"म्हणजे औषध?"

"हो, तसंच काहीतरी."

काकांनी अकरा वर्षांपूर्वी दारू सोडली होती. विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, दारूचं, की काकांचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. काकू हसत हसत सांगायच्या. मला हे माहीत होतं. खरं बोलले असते तर काका उठून गेले असते.

आणि मला फ्रिज हवा होता.

काकांनी ते औषध फारच मनावर घेतलं. दुकानात येईल त्याला सांगायचे, आमची पोरगी औषध बनवून राहिली. रविवारी विहारातसुद्धा उभं राहून सांगितलं. एका आजीनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, गुडघ्याचं आहे का म्हणून.

मी हसून टाळलं.

आठव्या दिवशी काका स्टॅबिलायझर घेऊन आले. व्होल्टेज वरखाली होतंय, कंप्रेसर जाईल पोरीचा, असं आईला म्हणाले. मी गच्चीवर होते. खाली आले तर फ्रिजचं दार उघडं आणि काका आत आंबत ठेवलेल्या बिअरच्या बादलीसमोर उभे.

झाकणाला हातही लावला नव्हता. तो वास माणूस अकरा वर्षांत विसरत नाही.

ओरडले नाहीत. दार हळूच लावलं. स्टॅबिलायझर जोडला, कंट्रोलरवरचा आकडा बघितला आणि चहा न घेता गेले.

त्या दुपारी मी वीस लिटर बिअर मोरीत ओतली. रडत-बिडत दुकानात गेले. काका, सगळी ओतून दिली.

मला वाटलं, खूश होतील.

"कायले ओतली? मी म्हटलं होतं का, ओत म्हणून?"

"तुम्हाला वाईट वाटलं ना काका."

"विहारात उभा राहून सांगतलं मी, पोरी. चार लोकांत. आता खोटा कोण झाला?"

मी तरी विचारलंच, खरं सांगितलं असतं तर करून दिलं असतं का?

काकांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"नाई. पण मले नाई म्हणू तं द्यायचं होतं."

त्या रविवारी मी विहारात गेले. वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की काका खोटं बोलले नव्हते, खोटं मी बोलले होते. ते औषध नव्हतं, बिअर होती. गुडघेवाली आजी सगळ्यात मोठ्यानं हसली.

काका हसले नाहीत. बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, बस गाडीवर, सोडून देतो.

तो फ्रिज त्यांनी कधी मोडायला सांगितला नाही. बिघडला की यायचे, पण बादली बाहेर काढल्याशिवाय हात लावायचे नाहीत. रिकामा फ्रिज म्हणजे नुसता फ्रिज, त्याच्याशी आपलं भांडण नाही, म्हणायचे.

आणि त्यानंतर प्रत्येक बॅच लावायच्या आधी मी त्यांना जाऊन सांगितलं. एकदाही चुकवलं नाही.

दरवेळी ते म्हणायचे, नको करू. दरवेळी मी करायचे. कधी कधी करायचेही नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात भेटले. बोलायला त्रास होत होता. मी सांगितलं, काका, नवीन बॅच लावतेय. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. नको.

माल आणून ठेवलाय. बादली धुऊन ठेवली आहे.

आज कोणाला विचारू, कळत नाही.

जयभीम, काका.