अण्णांचा अर्धा डाव

"रोज मरतासा आणि रोज हसत उठतासा. कंटाळा न्हाय येत व्हय अण्णा?" आक्का डबा उघडता उघडता विचारायच्या.

आक्का आमच्या कॉलेजात टंकलेखक होत्या. नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरवर पत्रं टाईप करायला शिकायचं म्हणून त्या दुपारच्या सुट्टीत लॅबमध्ये येत. अण्णा लॅबचे ऑपरेटर, शहापूरच्या विणकराच्या घरातले, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. मी त्यांच्या हाताखाली नुकताच लागलेलो, निपाणीहून आलेला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि बेळगावात कॉम्प्युटर बघायला लोक चपला बाहेर काढून आत येत.

खेळ एका विद्यार्थ्यानं पुण्याहून फ्लॉपीवर आणला होता. त्यात चित्र असं नव्हतंच. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं. टिंबं म्हणजे जमीन, आडव्या-उभ्या रेघा म्हणजे भिंती, एक वाटोळं चिन्ह म्हणजे आपण आणि इंग्रजी मोठी अक्षरं म्हणजे राक्षस. जिन्यानं एकेक मजला खाली उतरत जायचं, तळाशी एक ताईत होता, तो घेऊन परत वर यायचं. मेलं की सगळं गेलं. पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात, आणि गंमत म्हणजे खोल्या, वाटा, औषधं सगळं नव्यानं मांडलेलं. काल ज्या निळ्या औषधानं जखम भरली तेच आज पिऊन आंधळं व्हायचं.

आमचा नियम एकच होता. मेला त्यानं खुर्ची सोडायची. मी फार वेळा सोडायचो. चौथ्या-पाचव्या मजल्यापलीकडे माझी मजल नव्हती.

"आज कितव्याला गेलास रं?" आक्का विचारायच्या.

"चौथ्याला."

"मग तेराव्याला जेवायला कधी बोलावतोस?"

अण्णा मात्र आक्कांच्या कंटाळ्याच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे. "तेच कुठं हाय आक्का? रोज नवं घर बांधून देतंय ते. सामान जातंय, पर हात ऱ्हातोय की." म्हणजे कधी पळायचं, कधी भाकरी खायची, कुठल्या दारात उभं राहून लढायचं, हे मेल्यावरही आपल्याजवळ उरतं. मागावर बसलेल्या माणसाचा मुलगाच असं बोलू शकतो, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या पावसाळ्यात अण्णांचा एक डाव फार लांब गेला. अर्ध्या तासाची सुट्टी, म्हणून ते रोज डाव फ्लॉपीवर साठवून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढं खेळत. असे दोन महिने गेले. एकोणिसाव्या मजल्यावर ते पोचले होते. आक्कासुद्धा डबा हातात घेऊन मागं उभ्या राहायला लागल्या होत्या.

मग अण्णांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मिरजेला. आठ दिवसांची रजा. जाताना त्यांनी फ्लॉपी कपाटात ठेवली. त्या कपाटात दिवसरात्र एक बल्ब जळता ठेवलेला असे, कारण बेळगावच्या पावसात फ्लॉपीला बुरशी धरायची. फ्लॉप्या कोरड्या ठेवणं हे अण्णांचं काम होतं आणि ते काम ते पूजेसारखं करत.

"ह्याला हात लावू नगंस हं," ते म्हणाले. "आल्यावर बघू खाली काय हाय ते."

तिसऱ्या दिवशी मी ती फ्लॉपी काढली.

नुसतं बघायचं होतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते निम्मंच खरं आहे. एकोणिसाव्या मजल्यावर आपणही पाच मिनिटं उभं राहावं, अशी हाव होती. आक्कांचं टाईप केलेलं पत्र कितीही वेळा उघडलं तरी फ्लॉपीवर असायचंच, तसाच हा डावही राहील, असं मी धरून चाललो. माझ्यावर डाव साठवायची वेळच कधी आली नव्हती, त्यामुळं मला माहीत नव्हतं की हा खेळ साठवलेला डाव उघडला की फ्लॉपीवरून पुसून टाकतो. कुणी मरून पुन्हा मागं येऊ नये म्हणून.

बघून पुन्हा साठवून बंद केला असता तरी डाव वाचला असता. मी एक जिना उतरलो. मग एक खोली. कोपऱ्यातून एक 'टी' अक्षराचा राक्षस आला आणि मी त्याच्याशी लढत बसलो. दहा मिनिटांत सगळं संपलं. पुन्हा उघडायला गेलो तर फ्लॉपीवर डाव नव्हता.

त्यानंतर मी जे केलं ते त्याहून वाईट. ती फ्लॉपी मी खोलीवर नेली आणि ओल्या खिडकीत ठेवून दिली. अण्णा आले तोवर तिच्यावर करडे ठिपके धरले होते.

"बुरशी आली अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी फ्लॉपी उजेडाकडं धरली, बराच वेळ बघितली. "बल्ब गेलता का रं मधी?"

"न्हाय."

"मग माझंच चुकलं. नीट पुसली नसंल."

एवढ्यावर भागलं नाही. अण्णांनी स्वतः जाऊन लॅबच्या साहेबांना सांगितलं की कपाटात ओल शिरतेय, बाकीच्या फ्लॉप्यांनाही धोका आहे. साहेब विद्यार्थ्यांसमोर त्यांना बोलले, आठ दिवस रजा काढायची आणि वर कपाटाला दोष द्यायचा म्हणून. मी तिथंच होतो, प्रिंटरचा कागद सरळ करत होतो. तो आधीच सरळ होता.

खेळाची दुसरी प्रत आमच्याकडं होती. पण अण्णा पुन्हा खुर्चीवर बसले नाहीत. सुट्टीत ते एकेक फ्लॉपी काढून पुसायचे, बल्बखाली धरायचे.

"खेळा की अण्णा," आक्का म्हणाल्या. "इतक्या डाव मेलासा, आणखी एकदा मेलासा म्हणून काय झालं?"

"मेलो कुठं? मेलो असतो तर लगीच बसलो असतो. हे काय, नुसतं पुसूनच गेलं."

मीही खेळेनासा झालो. खोल्या रोज नव्या येत होत्या, पण मला त्या सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या होत्या.

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा झाली. कॉम्प्युटरना हळद-कुंकू, झेंडूची फुलं. अण्णांच्या घरी एक रीत होती, वर्षभरात आपल्या हातून ज्या अवजाराची हेळसांड झाली त्याची त्या दिवशी माफी मागायची. अण्णांनी ती ठिपक्यांची फ्लॉपी पाटावर ठेवली, तिला कुंकू लावलं आणि हात जोडून म्हणाले, "माझ्याकडनं हयगय झाली." मग मला म्हणाले, "तू बी नमस्कार कर रं."

माझे हात जोडले जाईनात. आक्का प्रसाद वाटायला बाहेर गेल्या होत्या. मी सगळं सांगितलं. खिडकीचंही.

मला वाटलं आता अण्णा उठून साहेबांकडं जातील, आणि जावं असंही वाटत होतं.

"कुणी मारलं?" त्यांनी विचारलं.

"टी नं."

"कुठं गाठला त्यानं?"

"खोलीत. कोपऱ्यात."

"आणि तू लढत बसलास?" त्यांचा आवाज चढला, या एवढ्याच गोष्टीवर. "त्याच्यासंगं लढायचं नसतंय! जिन्यावर उभं ऱ्हायचं, आन् वर पळायचं. खाली काय काय होतं?"

हावेपोटी मी ते नीट बघितलंही नव्हतं.

त्यांनी ती फ्लॉपी पाटावरून उचलली, पुसली, कपाटात ठेवली. साहेबांना त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते अजून राहिलंच आहे. दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टीत ते मला म्हणाले, "सरक." पहिल्या मजल्यापासून डाव सुरू झाला. सहाव्या मजल्यावर मेले, हसले आणि नियमाप्रमाणं खुर्ची सोडून मला बसायला दिली.

पुढं तीन वर्षं आम्ही तो खेळ खेळलो. कंटाळा आला नाही. फक्त अण्णांचा डाव अर्धा राहिला की तेवढी एक फ्लॉपी ते कपाटात ठेवत नसत. शर्टाच्या आतल्या खिशात घालून सायकलवरून शहापूरला घेऊन जात, आणि सकाळी माझ्यासमोर काढून टेबलावर ठेवत. ती इथंच ठेवा, असं त्यांना म्हणायचं धाडस मला कधी झालं नाही.