रिपोर्टवरचे सहा लाल आर

लॅबच्या खिडकीपलीकडच्या बाईनं मीच दिलेला रिपोर्ट माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "मॅडम, मले कोन्ता रोग हाये?"

मी रिपोर्ट पाहिला. पाहायची खरं तर गरज नव्हती, खाली सही माझीच होती. रोग कोणताच नव्हता. तसं मी तिला सांगितलं. ती खिडकीवरून हलली नाही.

"मंग मले कामावरून काहून काढलं?"

तिचं नाव शोभा. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली. त्या भागात विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ धड शिजत नाही. त्या वर्षांत कापसाची वेचणी सोडली तर शेतीत माणसाला काम उरलं नव्हतं आणि घरंच्या घरं शहराच्या कडेला येऊन टेकत होती. शोभाही नवरा आणि दोन मुलींना घेऊन अमरावतीत आली होती. नवऱ्याला कधी हमाली मिळे, कधी मिळत नसे. शोभाला मात्र चांगलं काम लागलं. कोचिंग क्लासला आलेल्या मुलींसाठी मंदाताई नावाच्या बाई मेस चालवायच्या. तिथं भाकऱ्या आणि भाजी करायची, दोन वेळचं जेवण तिथंच आणि स्वतःच्या दोघी मुलींसाठी घरी डबा. गावाकडं तिनं असलं काम पाहिलंही नव्हतं. सावलीत बसून करायचं काम, असं ती म्हणायची.

मंदाताईंचा नियम असा की स्वयंपाकाच्या बाईनं आधी संडास तपासून आणायची. नियम चांगलाच होता. टायफॉइडचे जंतू काही माणसांच्या आतड्यात गुपचूप मुक्काम करतात. तो माणूस ठणठणीत असतो, पण त्याच्या हातचं खाऊन दुसरा तापानं फणफणतो. आम्ही लॅबवाले तेवढंच शोधतो. शोभाच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं की असे जंतू आढळले नाहीत.

घोळ दुसऱ्या पानाचा होता, आणि ते पान मी जोडलं होतं.

त्याचं झालं असं. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात तेव्हा औषधांना दाद न देणारे जंतू वाढत चालले होते. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांचं मत ठरलेलं होतं. ही खेड्यापाड्यांतून येणारी माणसं ते पोटात घेऊन येतात, असं ते चहा पिता पिता सांगायचे. मला नागपूरच्या कॉन्फरन्सला पेपर वाचायचा होता. विषय आयता मिळाला. बाहेरून नव्यानं आलेल्या माणसाचा नमुना लॅबमध्ये आला की त्यातला ई. कोलाय मी वेगळा वाढवायचे. हा जंतू तुमच्याआमच्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा कुणाचं काही बिघडवत नाही. काचेच्या प्लेटमध्ये तो पसरायचा, वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं रिंगण दिसतं. जंतू थेट चकतीला भिडून वाढला, तर ते औषध त्याच्यापुढे फुकट. मग त्या औषधापुढे आर लिहायचा, म्हणजे रेझिस्टंट. आमच्या लॅबमध्ये आर लाल शाईनं लिहायची पद्धत होती, वॉर्डातल्या डॉक्टरांच्या पटकन नजरेत यावा म्हणून.

शोभाच्या पानावर आठ औषधं होती आणि सहा लाल आर. ते पान माझ्या फाइलमध्ये राहायला हवं होतं. पण केलंच आहे काम तर सगळं देऊन टाकू, पारदर्शक काम असावं, असं काहीतरी तेव्हा माझ्या डोक्यात होतं. शोभाला मी याबद्दल विचारलंही नव्हतं. तिनं नमुना मेससाठी दिला होता आणि मी तो माझ्या पेपरसाठी वापरला होता.

मी तिला खिडकीतून आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि समजावलं. तू आजारी नाहीस, तुझ्यापासून जेवणाला धोका नाही, साबणानं हात धुतेस तेवढं पुरे. फक्त उद्या तू आजारी पडलीस तर काही औषधं तुला लागू पडणार नाहीत. मग मी विचारलं, गावाकडं कसल्या गोळ्या घ्यायचीस?

तिनं जे सांगितलं ते ऐकून आमचे टेक्निशियन सलीमभाई हातातलं काम सोडून जवळ आले. कापूस वेचायला ती दरवर्षी टोळीत जायची. वेचणीच्या दिवसांत एखादीला ढाळ लागले की तिचा दिवस बुडे आणि मुकादमाचा कापूस शेतात राही. म्हणून मुकादमानं युक्ती काढली होती. सकाळी ट्रॅक्टरवर चढताना तो प्रत्येक बाईच्या हातावर अर्धी गोळी ठेवायचा. आजार असो नसो, वेचणी संपेपर्यंत रोज. चार हंगाम तिनं ती खाल्ली. गोळीचं नाव तिला ठाऊक नव्हतं. रंग सांगितला, पाकिटावरची पट्टी सांगितली, तेवढ्यावरून सलीमभाईंनी ओळखली. जुलाबाची अँटिबायोटिक गोळी होती. मुकादमाला वाटत होतं की आपण बायांची काळजी घेतो. बायांनाही तसंच वाटत होतं.

"म्हंजे त्यानं खाऊ घातलं अन् भोगून मी राहिली," शोभा म्हणाली.

मी स्कूटी काढून मंदाताईंकडे गेले. वाटलं होतं, पाच मिनिटांत प्रश्न मिटेल. मंदाताई गव्हाच्या पोत्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, या पोरी लोकाइच्या हायेत. त्याइच्या मायबापाले मले उत्तर द्या लागते," त्या म्हणाल्या. "लाल शाईनं तुमीच लिवून देल्लं, अन् आता तुमीच म्हनता काई नाई."

मी म्हटलं, असे जंतू कितीतरी जणांत सापडतील.

"माह्याइथं अजून तीन बाया हायेत. त्याइचे कागद तुमच्याच लॅबचे. त्यात कावून नाई हे पान?"

"त्या इथल्याच आहेत ना. मी फक्त नव्यानं आलेल्यांचं तपासत होते."

"म्हंजे संशय पयले तुमाले आला. मले तं मांगून आला."

लाज वाटली, ती अशी की परतताना स्कूटी सुरू करायला मला तीनदा किक मारावी लागली. वीस वर्षं मी मेडिकलच्या मुलांना शिकवत होते की ज्याच्याशी तुलना करायची तो गट नसेल तर निष्कर्ष काढू नका. आणि माझ्या तपासणीत एकाही जुन्या अमरावतीकराचा नमुना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं की आपलेही नमुने घेऊया. माझं कशाला, असं म्हणून ते मीटिंगला निघून गेले. बाकीचे तयार झाले. शोभाला मी आठ दिवस थांबायचा निरोप पाठवला. या वेळी प्रत्येकाला आधी विचारलं आणि कशासाठी तेही सांगितलं. मेसमधल्या त्या तीन बायांकडे सलीमभाई स्वतः डब्या घेऊन गेले, आणि त्यांनी कुरकुर न करता दिल्या. लॅबचे चौघे, मला धरून. चकत्या त्याच, औषधं तीच. मध्ये रविवार आला, त्यामुळे सगळं व्हायला आठवडा गेला.

प्लेटा वाचायला सलीमभाई बसले. मेसमधल्या तिघींपैकी दोघींना चार-पाच आर होते. लॅबमध्ये कुणीच कोरं नव्हतं. शेवटी त्यांनी एक प्लेट माझ्याकडे सरकवली.

"ये आपकी है, मॅडम. सात."

शोभापेक्षा एक जास्त. त्यात नवल काही नव्हतं. मी हॉस्पिटलमध्ये आयुष्य काढलेलं, घशात खवखव झाली की ड्रॉवर उघडून गोळी खाणारी. मला कुणी मुकादम लागला नव्हता. एवढे आर पोटात घेऊन मी रोज घरी सात माणसांचा स्वयंपाक करत होते, आणि कुणी माझा कागद मागितला नव्हता.

मी माझा रिपोर्ट तयार केला. सलीमभाईंनी विचारलं, निळी शाई वापरू का? मी म्हटलं, लालच वापरा. तो घेऊन मंदाताईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून बोटानं आर मोजले. वरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगा तिले, उद्यापासून ये म्हना. पोरीइचं मी पाहून घेतो."

तशीच शोभाच्या वस्तीकडे गेले. बडनेऱ्याच्या रस्त्याला पत्र्याच्या खोल्या होत्या. नवरा दारात बसला होता, धाकटी मुलगी त्याच्याजवळ खेळत होती. मोठी दिसली नाही. मी निरोप सांगितला. तो उठून उभा राहिला, आत जाऊन पाण्याचा गिलास घेऊन आला, आणि मी पाणी प्यायल्यावर म्हणाला,

"ती परवाच गेली, मॅडम. टोळी आलती दर्यापूरकडची. मोठीले बी घेऊन गेली वेचाले."

मी म्हटलं, मी आठच दिवस मागितले होते.

"म्या बी म्हनलं थांब म्हनून. ती म्हने, तिथं कोनी कागद नाई मांगत."

मोठी मुलगी बारा-तेरा वर्षांची होती. त्या दिवशी घरी जाताना मला सारखे ट्रॅक्टरवर चढताना अर्ध्या गोळीसाठी पुढे केलेले दोन हात दिसत होते, एक आईचा आणि एक मुलीचा.

मंदाताईंनी जागा महिनाभर राखून ठेवली, मग दुसरी बाई ठेवली. मुकादमांच्या गोळ्यांबद्दल मी दोन ठिकाणी पत्रं लिहिली. एकाची पोच आली. पेपर मी वाचला नाही. सरांनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, एक नमुना कमी पडला, तुमचा. ते हसले नाहीत.

निवृत्त होईपर्यंत लॅबमध्ये नव्यानं रुजू होणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगायचे. विचारलं आहे तेवढंच रिपोर्टात लिहा. आणि दुसऱ्याची प्लेट लावायची हौस असेल, तर शेजारी आधी आपली लावा.