यात कोण नाही?

कुठलाही तक्ता हातात आला की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि आकड्यांकडे न बघता विचारायच्या, "यात कोण नाही?"

डहाणूच्या अध्यापक महाविद्यालयात त्या आम्हाला शैक्षणिक संशोधन शिकवायच्या. तो तास म्हणजे झोपेचा, असा सगळीकडचा अनुभव, तुमचाही असेल. पण बाई धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यातल्या, आईबरोबर बाजारात बसून मासळी विकलेल्या. विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक त्यांनी दोन वाक्यांत सांगितला होता. "काटा दहा वेळा तेच वजन दाखवतो, ही विश्वसनीयता. पण पाटीत पापलेटाखाली बर्फ असेल, तर तू मोजलंस काय?"

वर्ग हसला. मी ते आजवर विसरले नाही.

पुढे त्या माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक झाल्या. विषय त्यांच्याच कार्डांचा होता. तलासरीच्या पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी पंधरा वर्षं खपून वाचनाची कार्डं केली होती, मुलांच्या घरच्या बोलीतून एकामागून एक कार्डानं हळूहळू पुस्तकी मराठीकडे नेणारी. काही शाळांत ती कार्डं वापरायची, काहींत नाही, आणि वर्षाच्या शेवटी दोन्हीकडच्या मुलांचं वाचन तपासायचं, एवढंच माझं काम. निकाल चांगला आला तर कार्डं जिल्हाभर जाणार होती.

निकाल फारच चांगला आला. कार्डांच्या शाळा कुठल्या कुठे पुढे होत्या. मी पेढे घेऊनच बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"यात कोण नाही?"

"चाचणीच्या दिवशी गैरहजर होती ती, बाई. एकोणीस मुलं."

"कुठल्या शाळांतली?"

जवळजवळ सगळी कार्डांच्या शाळांतली होती. दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

दोन एसटी आणि एक टमटम बदलून आम्ही पहिल्या भट्टीवर पोचलो, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एक मुलगी कच्च्या विटा उलटत होती. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "थोडं वाचून दाखवशील? नाय म्हटलंस तरी चालेल हां."

"नाय," ती म्हणाली.

बाईंनी कागद पिशवीत ठेवला आणि तिच्या नावापुढे 'नकार' लिहिलं. मी कासावीस झाले. "बाई, जरा समजावून बघू या ना! एवढ्या लांबून आलोय."

"चालेल म्हटलं ना मी तिला? मग चाललंच पाहिजे."

बाकीच्यांची चाचणी संपली तेव्हा ती मुलगी आपणहून आली. म्हणाली, "चार कार्डां मला येतात. मंग आमी इकडं आलो. पाचवा मिलालाच नाय. आता पुढचा काय समजंल?"

बाई तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. एखाद्या मोठ्या विद्वानाकडे बघावं तशा.

त्यानंतर आठवडाभर आम्ही भट्ट्या पालथ्या घातल्या. सापडली तेवढी मुलं हिशेबात धरली आणि दोन गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला.

मी रडकुंडीला आले होते. "बाई, 'हजर असलेल्या मुलांपुरतं' असं लिहू या ना. खोटं तर नाही!"

"खोटं नाही," त्या म्हणाल्या. "पण वाचणाऱ्याला खोटंच कळेल. लिही. लक्षणीय फरक आढळला नाही. शून्य परिकल्पना कायम."

आपल्या पंधरा वर्षांच्या कामाबद्दल त्या हे सांगत होत्या, आणि आवाज नेहमीच्या तासासारखा होता.

कार्डं जिल्हाभर न्यायची की नाही हे ठरवणाऱ्या पालघरच्या बैठकीत मी बोलायचं ठरलं होतं. उभ्या राहिल्या त्या. "कार्डं मी केली आहेत, तेव्हा मीच सांगते," म्हणाल्या. सांगितलं, आणि कार्डांचा प्रस्ताव तिथेच बारगळला. परतताना डहाणू येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मसोलीच्या वळणावर फक्त एवढंच म्हणाल्या, "पंधरा वर्षं गं." मी त्यांचा हात धरला.

त्यानंतर वर्षभरात त्या निवृत्त झाल्या. घरी जावं तर जमिनीवर कात्री, पुठ्ठे, गोंद. नवं प्रत्येक कार्ड आपल्यापुरतं पूर्ण. मूल कुठूनही सुरू करील, कुठेही सोडील. "त्या पोरीनं चूक दाखवली, आपण कशाला गप्प बसायचं?" म्हणायच्या.

माझा प्रबंध मंजूर झाला. परीक्षकांनी त्या शेवटच्या प्रकरणाचं कौतुक केलं. हे सांगायला मी दिवाळीनंतर त्यांना शोधत गेले, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, तलासरीला गेल्या.

तलासरीच्या नाक्यावर भट्टीला निघालेला टेम्पो उभा होता. भांडी, गोधड्या, माणसं, आणि मधोमध गोणपाटावर बसलेल्या बाई. मांडीवर कुणाचीतरी कोंबडी होती आणि दोन्ही बाजूंनी मुलं टेकली होती. मी हाक मारली, पण इंजिन सुरू झालं होतं. त्यांनी वर पाहिलंच नाही. एक मुलगी कार्डावर बोट फिरवत वाचत होती, आणि बाई कोंबडीचे पंख घट्ट धरून, मान वाकवून, ते ऐकत होत्या.